एकूण डोस किती गेला? बेळगाव जिल्ह्याच्या आरोग्य खात्याला खुले पत्र

प्रति,
जिल्हा आरोग्य व कुटुंब कल्याण अधिकारी, बेळगाव;
सर्व तालुका आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्रांचे वैद्यकीय अधिकारी
आणि गावोगावचे खाजगी डॉक्टर यांस,

स. न. वि. वि.

आपल्या केंद्रावर बाळंतपणाचे रजिस्टर असते, क्षयाचे असते, बीपी-शुगरचे असते. लहानपणी किंवा ऐन विशीत कॅन्सर होऊन गेलेल्या माणसांचे नसते. ब्लड कॅन्सर, हॉजकिन (लसिका गाठींचा कॅन्सर), विल्म्स ट्यूमर (मुलांतला मूत्रपिंडाचा कॅन्सर), हाडाचा सार्कोमा यांतून उठलेली ही मुले आज शेतावर आहेत, उद्यमबागेतल्या कारखान्यांत आहेत, मुली लग्न होऊन चंदगड-गडहिंग्लजकडे गेल्या आहेत. घरच्यांच्या लेखी तो विषय मिटला. शरीरात गेलेल्या औषधांच्या आणि किरणांच्या लेखी तो मिटलेला नसतो.

अमेरिका-कॅनडात अशा मुलांचा पिढ्यान्‌पिढ्या पाठपुरावा झाला आहे. १९७० ते १९८६ दरम्यान उपचार झालेल्यांपैकी ५३.६ टक्के जणांना वयाच्या पन्नाशीपर्यंत एखादा तरी गंभीर किंवा जिवावर बेतणारा आजार झाला. त्यांच्या सख्ख्या भावंडांत हेच प्रमाण १९.८ टक्के होते. तेव्हाचे उपचार आजच्यापेक्षा कडक होते, हे खरे. पण औषधे बहुतांशी तीच आहेत. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयाने अशा बरे झालेल्यांसाठी वेगळी ओपीडी १९९१ सालीच सुरू केली, ती याच कारणाने.

अडचण अशी की बेळगावहून परळ पाचशे किलोमीटर आणि बेंगळुरूही तेवढेच. उपचार संपल्यावर पहिली दोन-तीन वर्षे घरचे नेमाने जातात. मग रजा मिळत नाही, सुगी येते, मुलगा ‘मला काही होत नाही’ म्हणतो, आणि जाणे सुटते. पंधरा वर्षांनी त्रास सुरू होतो तेव्हा तो परळच्या डॉक्टरकडे जात नाही, तुमच्याकडे येतो. म्हणून हे पत्र तुम्हाला.

आमचे मागणे एका कागदाचे आहे. प्रत्येकाजवळ उपचारांचा सारांश असलेले एक पान हवे आणि त्याची प्रत त्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रावर हवी. त्यावर आजाराचे नाव, उपचार सुरू आणि बंद झाल्याची तारीख, प्रत्येक औषधाचा एकूण डोस, किरणोपचार झाले असल्यास शरीराच्या कुठल्या भागाला आणि किती ग्रे (किरणांच्या डोसाचे एकक), कुठली ऑपरेशने झाली, रक्त भरले का, एवढे असले तरी पुरे. ‘केमो झाली’ या दोन शब्दांवरून काहीच ठरवता येत नाही. व्हिनक्रिस्टिन गेले असेल तर हृदयाची काळजी नाही. डॉक्सोरुबिसिन गेले असेल तर आहे, आणि किती आहे ते डोसावर ठरते.

हा डोस काढताना नेहमी एकच चूक होते, म्हणून ती सविस्तर सांगतो. फाईलमध्ये प्रत्येक वेळी दिलेले औषध मिलिग्रॅममध्ये असते. हृदयाचा धोका मोजायचा तो मात्र मिलिग्रॅम प्रति चौरस मीटरमध्ये, म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबात. उंची सेंटिमीटरमध्ये, वजन किलोमध्ये घ्या, दोन्हींचा गुणाकार करा, ३६०० ने भागा आणि वर्गमूळ काढा. उपचाराच्या वेळी मुलाची उंची १४४ आणि वजन ३६ असेल तर गुणाकार ५१८४, भागिले ३६०० म्हणजे १.४४, वर्गमूळ १.२ चौरस मीटर. त्याला दर खेपेस ३० मिग्रॅ डॉक्सोरुबिसिन दिले असेल तर तो डोस झाला २५. हॉजकिनच्या एबीव्हीडी या प्रचलित पद्धतीच्या सहा सायकली झाल्या असतील तर, एका सायकलीत दोन धरून, अशा खेपा बारा, म्हणजे एकूण ३००. नुसते मिलिग्रॅम बेरीज केले तर येतात ३६०, आणि ते उगाच जास्त दिसते. मोठ्या अंगाच्या माणसात फरक आणखी वाढतो. दुसरी चूक म्हणजे आजचे वजन धरणे. मुलगा आता सत्तर किलोचा असेल, पण औषध छत्तीस किलोच्या मुलाला गेले होते.

डौनोरुबिसिन असेल तर त्याचा आकडा साधारण निम्मा धरून डॉक्सोरुबिसिनमध्ये मिळवतात. मायटोझँट्रोन उलट फार जड, सुमारे दहापट. एकूण बेरीज २५० किंवा त्याहून जास्त आली तर धोका मोठा. १०० ते २५० मध्यम. १०० च्या आत कमी. छातीला ३० ग्रे किंवा जास्त किरण बसले असतील तर औषध न घेताही धोका मोठ्या गटात जातो. मोठ्या धोक्याच्या गटात टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) दर दोन वर्षांनी, मध्यम गटात दर पाच वर्षांनी, आणि तो जन्मभर. पंचविशीत नॉर्मल आला म्हणून थांबायचे नसते, कारण हृदयाच्या स्नायूच्या पेशी उपचारांच्या वेळीच मेलेल्या असतात. उरलेल्या पेशी वर्षानुवर्षे जास्तीचे काम ओढतात आणि मग एकदम थकतात.

इथे तीन ठिकाणी गाडी रुळावरून घसरते. एक, ईसीजी काढून ‘हार्ट चांगले आहे’ असे सांगितले जाते. अशा हृदयाचा ईसीजी बराच काळ सरळ येतो, इकोच लागतो. दोन, इकोच्या रिपोर्टवर ‘नॉर्मल एलव्ही फंक्शन’ एवढेच लिहिलेले असते. ईएफचा, म्हणजे हृदय दर ठोक्याला आतले किती टक्के रक्त बाहेर टाकते त्याचा, आकडा हवा आणि तो कुठल्या पद्धतीने मोजला तेही हवे. मागच्या वेळी ६५ होता आणि आता ५४ आहे, तर दोन्ही वेळा कुणीतरी ‘नॉर्मल’ लिहिलेले असते. घसरण मात्र नॉर्मल नसते. तीन, या वयात हृदय थकल्याची लक्षणे छातीत दिसतीलच असे नाही. जेवणानंतर मळमळ, उलटी, पोटात जडपणा, रात्री उताणे झोपल्यावर खोकला, असे काहीही असू शकते. ॲसिडिटीची गोळी आणि दम्याचा पंप, या दोन वळणांवर हे रोगी सहा-सहा महिने फिरतात.

आणि सलाईन. अशक्तपणा वाटला की ‘एक सलाईन लावा डॉक्टर’ ही आपल्या भागातली जुनी मागणी, आणि नाही म्हटले तर माणूस शेजारच्या दवाखान्यात जातो, हेही आम्हाला माहीत आहे. पण ज्याचे हृदय आधीच ३५-४० च्या ईएफवर चालले आहे, त्याला तासाभरात एक-दोन बाटल्या गेल्या तर फुफ्फुसात पाणी भरते. जुलाब होऊन खरेच कोरडा पडला असेल तर सलाईन द्यावेच लागते. मग ते हळू, छाती पुन्हा पुन्हा ऐकत आणि पायावरची सूज बघत. कॅन्सरची केमो झालेल्या माणसाला नुसत्या ‘वीकनेस’साठी ते लावू नये, एवढेच आम्ही म्हणतो. रक्त भरतानाही तोच नियम: पिशवी सावकाश.

गरोदरपणाचे स्वतंत्र सांगायला हवे. गरोदर बाईचे हृदय सातव्या-आठव्या महिन्यात जवळजवळ दीडपट काम करते. जिला लहानपणी डॉक्सोरुबिसिन किंवा डौनोरुबिसिन गेले आहे, तिचा इको दिवस राहण्याआधी किंवा निदान पहिल्या तीन महिन्यांत झाला पाहिजे, मग मागचा इको कधीचाही असो. धाप, पायावर सूज, थकवा हे ‘पोटूशीला होतेच’ म्हणून सोडून दिले जाते आणि बाळंतपणाच्या आगेमागे बाई खचते. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची तपासणी असते. त्या दिवशी आशाताईंनी एक प्रश्न जास्तीचा विचारावा: लहानपणी मोठ्या दवाखान्यात महिनोन्‌महिने इंजेक्शने, केस गळणे असे काही झाले होते का? कॅन्सर हा शब्द सासूसमोर उच्चारू नये. उत्तर हो असेल तर तायी (माता) कार्डावर जोखमीची खूण करावी आणि इकोची चिठ्ठी हातात द्यावी.

मुलांच्या बाबतीत आपल्या भागाचे वेगळेपण म्हणजे तालीम आणि भरती. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावातच असल्याने गावोगावची पोरे पहाटे सोळाशे मीटर पळतात, आणि अजून जोर-बैठका, वजन, कुस्ती चालते. व्यायाम बंद करा असे आम्ही मुळीच म्हणत नाही. चालणे, पळणे, सायकल, पोहणे यांनी या हृदयांचे भलेच होते. श्वास रोखून जड वजन उचलणे आणि एकदम दमछाक करणारी तयारी मात्र इको बघितल्याशिवाय सुरू करू नये. मोठ्या डोसाच्या गटात तर नाहीच. वस्तादांना हे पटवायला डॉक्टरची चिठ्ठी लागते. मुलाचे तोंडी सांगणे तालमीत ‘पळपुटेपणा’ ठरते.

सिस्प्लॅटिन घेतलेल्यांचे कान जातात आणि जे जाते ते परत येत नाही. आधी वरच्या पट्टीचे आवाज जातात. त्यामुळे मुलाला हाक ऐकू येते, ट्रॅक्टर ऐकू येतो, टाळी ऐकू येते आणि घरचे म्हणतात कान चांगले आहेत. पण ‘स’, ‘श’, ‘फ’ हे वर्ण त्याच पट्टीत असतात. ‘सात’, ‘हात’ आणि ‘आत’ यांत फरक कळत नाही आणि वर्गात तो मुलगा ‘लक्ष नाही’ ठरतो. ऑडिओग्राम ८००० हर्ट्झपर्यंत करून मागा. २००० वर थांबलेली तपासणी या मुलांच्या कामाची नाही. उपचार संपल्यावर काही वर्षांनी हा दोष वाढूही शकतो. याच मुलाला पुढे जुलाब-ताप झाला की जेंटामायसिन किंवा अमिकासिनची इंजेक्शने सर्रास दिली जातात. ती कानावर आणि मूत्रपिंडावर, दोन्हींवर सिस्प्लॅटिनसारखाच घाव घालतात. दुसरे प्रतिजैविक चालत असेल तर तेच द्या.

मूत्रपिंडाचे आणखी एक फसवे प्रकरण आहे. आयफॉस्फॅमाइड घेतलेल्यांच्या लघवीत कधी कधी साखर उतरते, रक्तातली साखर नॉर्मल असताना. पट्टी हिरवी झाली म्हणून मधुमेहाची गोळी सुरू करू नये. मूत्रपिंडाच्या नलिका गळत आहेत, असा त्याचा अर्थ. साखरेबरोबर फॉस्फेटही वाहून जाते, मग हाडे मऊ पडतात, पाय वाकतात. आधी रक्तातली साखर, फॉस्फेट, पोटॅशियम, बायकार्बोनेट बघा. विल्म्समध्ये एक मूत्रपिंड काढलेल्यांचे बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीतले प्रथिन वर्षातून एकदा बघावे, आणि डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांपासून त्यांना लांब ठेवावे. ऊसतोडीच्या हंगामात पाठ दुखते म्हणून मेडिकलमधून पाकीट घेऊन रोज खाणे, हे एका मूत्रपिंडावर फार महाग पडते. पॅरासिटामॉल चालते.

ब्लड कॅन्सरमध्ये डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड घेतलेल्या, विशेषतः दहा वर्षांवरच्या मुलांत, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो. मुलगा म्हणतो गुडघा दुखतो. गुडघ्याचा एक्स-रे चांगला येतो. खुबा हलवून बघा. आत वळवताना दुखला तर खुब्याचा एक्स-रे काढा, आणि तोही चांगला आला तरी एमआरआयला पाठवा, कारण सुरुवातीला एक्स-रेत काहीच दिसत नाही. तोवर पोती उचलणे बंद.

छातीला किरण बसलेल्या मुलींना स्तनाच्या कॅन्सरचा धोका तिशीतच वाढतो. १० ग्रे किंवा अधिक बसले असतील तर वयाच्या २५ व्या वर्षापासून, किंवा किरणोपचारानंतर ८ वर्षांनी, यांत जे नंतर येईल तेव्हापासून, दरवर्षी मॅमोग्राम आणि शक्य तिथे एमआरआय. ‘इतक्या तरुणपणी कशाला’ म्हणून सोनोग्राफीवर भागवले जाते, ते चूक. मानेला किरण असतील तर वर्षातून एकदा टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि बोटांनी थायरॉइड चाचपणे. या दोन्हींना फारसा खर्च नाही. किरण गेलेल्या जागी नवी गाठ आली तर लेप, शेक, मालिश काही नको, तिचा तुकडा तपासायला गेला पाहिजे. ब्लिओमायसिन घेतलेल्याला अपेंडिक्ससारखे साधे ऑपरेशन असले तरी भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगणे जरुरीचे आहे, कारण जास्त प्रमाणात ऑक्सिजन दिल्यास त्या फुफ्फुसांना इजा होऊ शकते. बिडी आणि तंबाखूबद्दल निपाणीच्या डॉक्टरांना आम्ही काय सांगणार. एवढेच, की ही फुफ्फुसे आधीच खर्ची पडलेली असतात.

लग्नाच्या वयात सगळ्यात जास्त गोंधळ असतो. केमो झाली म्हणजे मूल होणार नाही, असे सरसकट नसते. सायक्लोफॉस्फॅमाइडसारख्या औषधांचा एकूण डोस ४००० मिग्रॅ प्रति चौरस मीटरच्या आत असेल तर मुलांत वीर्यातले शुक्राणू पूर्ण नाहीसे होणे सहसा घडत नाही. आयफॉस्फॅमाइडचा आकडा ०.२४४ ने गुणून याच हिशेबात घेतात. शंका असेल तर वीर्यतपासणी लग्नाआधी, गुपचूप आणि एकदाच नव्हे तर दोनदा. मुलींत पाळी नियमित असली तरी बीजांडांचा साठा लवकर संपू शकतो. ‘नोकरी लागल्यावर बघू’ हा सल्ला तिला देऊ नये. तेराव्या वर्षापर्यंत छाती वाढायला लागली नाही, किंवा मुलग्याच्या चौदाव्या वर्षापर्यंत वृषणांची वाढ दिसली नाही, तर तज्ज्ञाकडे पाठवा. आणि सोयरिकीच्या बैठकीत कुणी विचारलेच तर डॉक्टर म्हणून हे ठामपणे सांगा: आनुवंशिक प्रकार, जसे डोळ्याच्या रेटिनोब्लास्टोमाचे काही, सोडले तर या माणसांच्या मुलांना कॅन्सर होण्याचा धोका इतरांपेक्षा वाढत नाही.

डोक्याला किरण बसलेली किंवा पाठीच्या कण्यातून मेथोट्रेक्सेट घेतलेली मुले हुशार असूनही सावकाश लिहितात, गणितात अडतात. एसएसएलसीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती अपंगत्वाच्या प्रमाणपत्रावर मिळतात. २०१६ च्या कायद्यात श्रवणदोष आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता दोन्ही आहेत. प्रमाणपत्र दहावीच्या जानेवारीत नव्हे, आठवीत काढायला सांगा.

आता तो कागद मिळवायचा कसा. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे दाखल रुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, आणि मागितल्यास ७२ तासांत ती द्यावी लागतात. मोठी रुग्णालये फायली जास्त काळ ठेवतात, लहान ठेवत नाहीत; म्हणून उशीर नको. अर्जात उपचाराच्या वेळचे नाव लिहावे. लग्न झालेल्या मुलीची फाईल माहेरच्या नावाने असते आणि २०१४ पूर्वीच्या फायलीत पत्त्यात ‘बेळगावी’ नव्हे, ‘बेळगाम’ असते; संगणकात शोधताना याने अडते. डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नये. केमोचा तक्ता, किरणोपचाराचा सारांश, ऑपरेशनची नोंद आणि पॅथॉलॉजीचा रिपोर्ट, ही चार कागदे नावे घेऊन मागावीत. घरी असलेले ईसीजी आणि सोनोग्राफीचे चकचकीत कागद लॅमिनेट करू नयेत: ते उष्णतेने काळे पडतात. आधी झेरॉक्स काढून ती जपावी.

पानावर औषधांची नावे इंग्रजीत, धोक्याची लक्षणे मराठीत आणि कन्नडमध्येही असावीत. खानापूरच्या घरात मराठी वाचतील, केंद्रावरचे डॉक्टर कन्नड वाचतील, परळचे आणि बेंगळुरूचे इंग्रजी. पाट्यांचा वाद या कागदापर्यंत येऊ नये, एवढी कृपा सगळ्यांनी करावी.

आपल्याकडून हवे ते असे. एक परिपत्रक, की केमो किंवा किरणोपचार झालेल्या प्रत्येकाची नोंद बीपी-शुगरच्या क्लिनिकमध्येच वेगळ्या पानावर, नावाऐवजी क्रमांकाने ठेवावी. जिल्हा रुग्णालयात महिन्यातला एक दिवस या लोकांच्या इकोसाठी आणि एक ऑडिओग्रामसाठी. विमा योजना मुख्यतः दाखल रुग्णांना लागू पडतात, आणि इकोसाठी कुणी दाखल होत नाही. तो खर्च खिशातून जातो म्हणून तपासणी टळते. शाळांतल्या आरोग्य तपासणी पथकांनी अठरा वर्षे पूर्ण होणाऱ्या अशा मुलांची यादी केंद्राला द्यावी, कारण त्या वयानंतर ती कुठल्याच पथकाच्या नजरेत नसतात. रक्त भरलेल्यांची हिपॅटायटीस बी, सी आणि एचआयव्हीची एकदा तपासणी. सी निघाला तर राष्ट्रीय कार्यक्रमात औषध मोफत आहे आणि तो बरा होतो.

कणकुंबी-जांबोटीकडचे रस्ते पावसाळ्यात कसे असतात ते आपण जाणता. पहिली नोंदणी मेअखेर उरकली तर त्या भागातल्यांना त्याच वर्षी इको मिळेल.

पानाचा नमुना सोबत जोडला आहे. मागची बाजू कोरी आहे, ती पुढच्या तपासण्यांच्या तारखा आणि ईएफचे आकडे एकाखाली एक लिहिण्यासाठी.

आपले,
बेळगाव, खानापूर, निपाणी व चिकोडी तालुक्यांत कॅन्सरनंतरच्या पाठपुराव्याचे काम करणारे काही डॉक्टर, परिचारिका, फार्मासिस्ट आणि समुपदेशक